'त्रास्यांका'ला मराठीत काय म्हणावं?

बेलारूसवरचा एक लेख मराठीत आणते आहे. तिथल्या रशियन-बेलारूसी सरमिसळ बोलीला 'त्रास्यांका' म्हणतात. मी 'धेडगुजरी' लिहून मोकळी झाले होते, पण आता तो शब्द खटकतोय. दुसरं काही सुचतं का?

▪ धेडगुजरी नकोच. बोलीला नावं ठेवायला एका जातीला कशाला वेठीला धरायचं? सरळ 'खिचडी' म्हणा.

▪ खिचडी लोक आवडीने खातात हो! त्रास्यांका हा हिणवायचा शब्द आहे, आणि मुळात गोठ्यातला. सुकं गवत पुरेनासं झालं की त्यात पेंढा मिसळून गुरांना घालायचा, त्या वैरणीचं हे नाव. खेड्यातून शहरात कामाला आलेला माणूस रशियन बोलू बघतो, पण उच्चार आणि बरेचसे शब्द गावचेच राहतात, ती ही बोली. १९९५च्या सार्वमतानंतर रशियन तिथे दुसरी राजभाषा झाली. २००९च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोकांनी मातृभाषा बेलारूसी सांगितली, घरात ती बोलणारे मात्र पाव हिश्श्याहूनही कमी निघाले.

▪ थोडं अवांतर. लेखात 'बेलारशियन' असेल तर 'बेलारूसी' करा. त्यातला 'रूस' म्हणजे हिंदीतला रूस, अर्थात रशिया, नव्हे. तो मध्ययुगातला 'रुस' प्रदेश. रशियाला ते 'रसिया' म्हणतात (आपल्याला भलतंच आठवतं, तो भाग वेगळा). 'भाषा'सुद्धा वेगळी: रशियनमध्ये 'यझिक', बेलारूसीत 'मोवा'. लांडगा रशियनमध्ये 'वोल्क', बेलारूसीत 'वोउक'. आपला संस्कृत 'वृक' त्याच कुळातला. त्या 'वोउक'मधल्या आखूड 'उ'साठी त्यांच्या लिपीत स्वतंत्र अक्षर आहे, आणि पोलात्स्क गावात २००३मध्ये त्या अक्षराचं स्मारकही उभारलंय. अक्षराचं स्मारक! मला तर हेवाच वाटला.

▪ मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे चैत्र-वैशाखात गवतात भाताचा पेंढा मिसळून टाकतात. म्हैस नाकाने ढोसत गवत तेवढं वेचून खाते, पेंढा गव्हाणीत तसाच. त्याला खास नाव नाही, 'मिसळ वैरण' म्हणतो.

▪ मग 'त्रास्यांका'च ठेवते, आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'मिसळ वैरण'. म्हशीबद्दल आभार!