"आटे काढणे" म्हणजे पाडणे की काढून टाकणे? (जुन्या धनुष्याच्या पितळी बुशवरून)

मामांकडून एक जुना लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आलाय, होयटचा प्रो मेडॅलिस्ट, साठच्या दशकातला, वन-पीस, म्हणजे सुटा न होणारा. मुठीच्या खाली समोरून स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा रॉड) लावायला लाकडात बसवलेला पितळी बुश आहे, त्याच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पेचाच्या खाचांत, काळा-हिरवा मळ बसलाय आणि रॉड दीड फेऱ्याच्या पुढे जातच नाही. नाशकात सातपूरला एका टर्नरला (लेथवाल्याला) दाखवला तर तो म्हणे "आटे काढून देतो, टेन्शन नका घेऊ". धनुष्य अजून माझ्याकडेच आहे, पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. रांगोळी काढतो तेव्हा नसलेली गोष्ट येते, दात काढतो तेव्हा असलेली जाते, मग आटे काढणे यातलं नेमकं कुठलं? आणि बुशला मराठीत काही शब्द आहे का? रायझर (मधला मुठीचा भाग), लिंब (वरखालचे हात) वगैरेचं जाऊ दे, लिंब म्हटलं की आमच्या घरी सरबताची तयारी होते.

—

पाडणे. वर्कशॉपमध्ये आटे काढणे म्हणजे नवीन आटे पाडणे, आटे मारणे पण म्हणतात. खराब झाले तर "आटे गेले" किंवा "स्लिप झाले". आटे "काढून टाकले" असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

—

वरच्यांचं बरोबर आहे, पण अर्धंच. मी इथेच नाशकात अंबडला बरीच वर्षं लेथवर काढली, तिथे गिऱ्हाईक "आटे काढून दे" म्हणालं की पोरगा ड्रॉवरमधून हाताला येईल तो टॅप (आटे पाडायचं हत्यार) उचलतो आणि आपल्याकडे हाताला येतो तो एम-८, म्हणजे ८ मिमीचा मेट्रिक. इथेच घात आहे बघ. तुझ्या बुशचा आटा ५/१६-२४ असणार, म्हणजे आपल्या भाषेत अडीच सूत, इंचाला चोवीस असा बारीक (फाइन) आटा. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी आणि एम-८ म्हणजे ८, डोळ्याला फरक दिसतच नाही. पण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर बघ, याचा १.०६ मिमी आणि एम-८ चा १.२५, त्यामुळे एम-८ चा बोल्ट दीड-दोन फेरे गोड जातो आणि मग जाम होतो. तुझा रॉड पण दीड फेऱ्यावर अडतोय म्हणतोस, तर मळाला दोष द्यायच्या आधी रॉडचा आटा मोजून घे, कुणीतरी इथे बनवलेला एम-८ चा रॉड नसेल कशावरून. तसाच पान्याने रेटला तर पितळ मऊ, जुने आटे सोलून निघतील.

टर्नरला "काढून दे" म्हणूच नकोस. "अडीच सूत चोवीसचा टॅप हाताने फिरवून घे, नवीन माल कापू नको" असं सांग. टॅप फिरवणे म्हणजे आहे त्याच आट्यातून टॅप नेऊन घाण काढणे, हा शब्द कुठल्याही टर्नरला कळतो. बीएसएफचा (जुन्या ब्रिटिश फाइन आट्याचा) टॅप पुढे केला तर नाही म्हण, तो अडीच सुतात बावीसचा असतो आणि कोन पण वेगळा, ५५ अंशाचा, तुझा ६० चा. बोल्ट हवा असेल तर जुन्या विलीज जीपचे पार्ट ठेवणाऱ्याकडे "अडीच सूत फाइन" म्हण, जीपला हाच आटा भरपूर ठिकाणी आहे.

—

काका, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग ना? मग अडीच सूत बरोब्बर ५/१६, हे भारी आहे. रॉड मोजतो. पण बुशला शब्द राहिलाच.

—

बुशला बुशच. काही जण "पितळी नळी" सुचवतील, पण नळी म्हटलं की पाण्याची वाटते. आत लाकडात पक्की बसवलेली आहे हे सांगायचं असेल तर "जडवलेला बुश" म्हण, नुसता "बसवलेला" नको, बसवलेलं उपसता येतं. कोंदण हा शब्द मनात आला होता पण सराफ बाजारात शोभेल, इथे फार नटवा वाटतो.

आणि तो हिरवा मळ म्हणजे जंगाल. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणतात ना, त्याच घराण्यातलं. तांबट लेनमध्ये भांडी उजळून मिळतात म्हणून हेही चिंच-मिठाने उजळायला जाशील, तर अजिबात नको. पाणी बुशच्या कडेने लाकडात उतरतं आणि तिथलं फिनिश पांढरं पडतं. कोरडा टूथब्रश, नंतर कापसाच्या काडीवर थेंबभर तेल, बास. बाहेरची काळपट झाक राहू दे, जुन्या वस्तू घेणारे तीच बघतात.

—

मी तिरंदाजी करते, शब्दांचं फार कळत नाही पण एक विचारते, तो बुश मूळचा आहे का? स्टॅबिलायझर अर्ल होयटने १९६१ मध्ये आणला. त्याआधीच्या धनुष्याला समोर असा बुश दिसला तर कुणीतरी मागाहून भोक पाडलंय असं समजायचं. तुझा नंतरचा असेल तर कंपनीचाच असू शकतो. साईटसाठी (नेम धरायच्या पट्टीसाठी) नवीन भोकं मात्र पाडू नकोस दादा, विंडोपाशी, म्हणजे बाण जातो त्या खाचेपाशी, लाकूड आधीच कापलेलं असतं आणि सगळा ताण मुठीवर येतो. साईटची पट्टी डबल टेपने चिकटव, मी तेच केलंय, काढली तरी खूण राहत नाही.

—

ताई, म्हणून तर मी याला "दुरुस्ती" म्हणायला तयार नाही. दुरुस्तीत पार्ट बदलला तरी चालतो, जीर्णोद्धारात तर आपल्याकडे जुन्या दगडावर सरळ ऑइलपेंट मारतात. उद्या परत पूर्वीसारखं करता येईल एवढंच करायचं, याला जतन म्हणावं. टेप जतनात बसते, ड्रिल बसत नाही.

—

आणि बुश लाकडात गरगर फिरत असेल तर? ते बघितलंस का? बोल्टवर दोन नट एकमेकांवर आवळून हलकेच फिरव. बुश पण सोबत फिरला तर आटा चांगला आहे, आतलं गोंद सुटलंय, टॅप लावूच नको. बोल्ट आतच ठेवून त्याच्या डोक्याला सोल्डरिंग आयर्न लाव, इपॉक्सी ऊबेने नरम होतं, बुश सरळ बाहेर येतो. हीट गन नको, धनुष्याच्या पट्ट्या पण गोंदानेच जोडलेल्या आहेत. परत लावताना सावकाश सुकणारं इपॉक्सी घे आणि बोल्टच्या आट्यांना मेण चोळ, नाहीतर बोल्ट पण कायमचा "जडवला" जाईल.

—

रॉड मोजला काका. पिच गेजचं (आटे मोजायच्या पात्यांचं) एम-८ चं पातं त्यावर चपखल बसतंय. बुश फिरत नाही. उद्या जीपवाल्याकडे जातो.