कुटुंब ग्रुप, १५ मे २०२५ : करी, लेब्रॉन आणि मिनिटांचा हिशेब

दादा (फ्रीमाँट): सर्वांना नमस्कार. एनबीए बास्केटबॉलच्या प्लेऑफमधून, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतून (जिथे आधी चार सामने जिंकणारा पुढे जातो), मिनेसोटाने आपल्या वॉरियर्सना बाहेर काढले, त्याचे दुःख माझे मी सोशीन. परंतु काल रात्री धाकट्याने येथे जे लिहिले, की चाळिशीकडे झुकलेल्या खेळाडूंनी आता प्लेऑफमधली जागा अडवू नये, ते मला मुळीच मान्य नाही. स्टीफन करी ३७ वर्षांचा आहे आणि त्याच्याच संघाने सातव्या मानांकनावरून येऊन दुसऱ्या मानांकनाच्या ह्यूस्टनला सात सामन्यांत हरवले. मिनेसोटाविरुद्धचा पहिला सामनाही आपण जिंकला. त्या सामन्यात दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याची डावी हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दुखावली आणि त्याच्यावाचून खेळलेले पुढचे चारही सामने आपण हरलो. जागा नेमकी कोणी अडवली होती, हे धाकट्याने सांगावे.

धाकटा (पुणे): दादा, तुझा राग मला समजतो, पण तू माझे अर्धेच म्हणणे उचललेस. ज्या संघाचा सगळा भार ३७ किंवा ४० वर्षांच्या एका शरीरावर आहे, तो संघ मे महिन्यात टिकत नाही, असे मी लिहिले होते. ओक्लाहोमा सिटीने यंदा ६८ सामने जिंकले. त्यांचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर २६ वर्षांचा आहे, आणि तो बाकावर बसला तरी मैदानावरचा संघ ढिला पडत नाही.

अण्णाकाका: मुलांनो, वय हा मुद्दाच नाही. २०१४ मध्ये सॅन अँटोनियो विजेता झाला तेव्हा टिम डंकन ३८ वर्षांचा होता. त्या नियमित हंगामात कोच पोपोविच यांनी संघातल्या एकाही खेळाडूची ४८ मिनिटांच्या सामन्यात खेळण्याची सरासरी ३० मिनिटांपर्यंत जाऊ दिली नाही. फायनलमध्ये मायामीला ४-१ असे हरवले आणि चारही विजय १५ किंवा त्याहून अधिक गुणांनी मिळवले. मिनिटे मोजा, वय मोजू नका.

आत्या: अण्णाचे म्हणणे मला पटते, आणि त्याला मी लॉस एंजेलिस लेकर्सचे उदाहरण जोडते. २७ एप्रिलच्या चौथ्या सामन्यात, याच मिनेसोटाविरुद्ध, लेकर्सचे कोच जेजे रेडिक यांनी संपूर्ण उत्तरार्धात एकही बदल केला नाही. तेच पाच जण २४ मिनिटे सलग खेळले आणि त्यांत ४० वर्षांचा लेब्रॉन जेम्स होता. शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीला हातात असलेली दहा गुणांची आघाडी गेली आणि लेकर्स सामना ११६-११३ असा हरले. मी विद्यापीठाच्या संघात खेळले आहे; पाय जड झाले की आधी शॉट आखूड पडतो आणि मग बचावातले एक पाऊल उशिरा पडते. तो सामना पाहताना मला फार वाईट वाटले, कारण त्या माणसाने काही कमी केले नव्हते, त्याला कोणी पाच मिनिटे बसवले नाही इतकेच.

मामा: लेब्रॉनबद्दल एवढा कळवळा आणि लेकर्सच्याच कोबे ब्रायंटबद्दल या ग्रुपवर कधी एक शब्द नाही, याची मी नोंद घेतली आहे. निरोप घ्यावा तर तसा. १३ एप्रिल २०१६, वय ३७, शेवटचा सामना आणि ६० गुण.

आत्या: मामासाहेब, त्या रात्रीबद्दल मलाही आदर आहे. मात्र ते ६० गुण ५० शॉट घेऊन आले होते आणि लेकर्स त्या हंगामात १७ जिंकून ६५ हरले होते. आपला विषय प्लेऑफचा आहे.

मामा: विषय काय आहे हे मला ठाऊक आहे. मागच्या गणपतीतही आपण मला हेच सुनावले होते.

वहिनी (फ्रीमाँट): मामा, कोबेचे खरे उदाहरण आपल्या विषयाला धरूनच आहे, फक्त ते २०१३ चे आहे. लेकर्स प्लेऑफमध्ये पोहोचावेत म्हणून तो ३४ व्या वर्षी शेवटच्या काही सामन्यांत जवळजवळ पूर्ण वेळ खेळत होता, आणि १२ एप्रिलला त्याचा टाचेमागचा स्नायुबंध म्हणजे अ‍ॅकिलीस तुटला. त्याही अवस्थेत त्याने दोन्ही फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळालेले मोकळे शॉट) टाकले आणि मगच तो मैदानाबाहेर गेला. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, त्यामुळे एक सांभाळून सांगते. एखादी दुखापत थकव्यामुळेच झाली असे कोणालाही छातीठोकपणे म्हणता येत नाही. याच आठवड्यात बॉस्टनच्या टेटमचा अ‍ॅकिलीस २७ व्या वर्षी तुटला आहे. हॅमस्ट्रिंगचे मात्र थोडे निराळे आहे. वेगात पुढे टाकलेल्या पायाला लगाम घालण्याचे काम हा स्नायू ताणलेल्या स्थितीत करतो, आणि वय वाढले किंवा थकवा साचला की तिथे धोका वाढतो. करीने ४ मे रोजी ह्यूस्टनमध्ये सातवा सामना खेळला आणि ६ मे रोजी तो मिनियापोलिसमध्ये पुन्हा मैदानावर होता.

दादा (फ्रीमाँट): त्याच्याही आधीचे बघा. नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशी आपण क्लिपर्सकडून हरलो, म्हणून मेम्फिसशी प्लेऑफमधल्या प्रवेशासाठी प्ले-इनचा जादा सामना आला. तो दिवस जिंकला असता तर बाकीच्यांसारखी त्यालाही विश्रांती मिळाली असती.

अण्णाकाका: मी हेच सांगत आहे. २०१४, सॅन अँटोनियो, एकाचीही सरासरी ३० मिनिटांपर्यंत नाही. ही विश्रांती एप्रिलमध्ये मागायची नसते, ती नोव्हेंबरपासून साठवावी लागते.

धाकटा (पुणे): काका, आपला मुद्दा पोहोचला. पण पोपोविच यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन यांना मायामीच्या सामन्याआधीच घरी पाठवले, तेव्हा लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला होता. आता तर २०२३-२४ पासून एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) सारख्या पुरस्कारांसाठी हंगामात किमान ६५ सामने खेळण्याची अट आहे. कोचने विश्रांती द्यायची कधी?

वहिनी (फ्रीमाँट): ती अट प्रेक्षकांच्या बाजूने पाहिली तर अन्यायाची नाही. मुलांना करी दाखवायचा म्हणून लोक महिना महिना आधी तिकिटे काढतात आणि सामन्याच्या दिवशी तो साध्या कपड्यांत बाकावर बसलेला दिसतो. मला वाटते, मोठ्या खेळाडूला पूर्ण सामना वगळण्यापेक्षा प्रत्येक सामन्यातली चार-पाच मिनिटे कमी करावीत. अण्णाकाकांच्या उदाहरणाचा अर्थही तोच आहे.

आत्या: एका सामन्यावरून कोणाला म्हातारा ठरवू नये, हे मी आणखी एकदा सांगते. १९८५ च्या फायनलमधला पहिला सामना बॉस्टनने १४८-११४ असा जिंकला आणि लेकर्सच्या ३८ वर्षांच्या करीम अब्दुल-जब्बारने त्यात अवघे १२ गुण आणि ३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) मिळवले. दुसऱ्या सामन्यात त्याच माणसाने ३० गुण, १७ रिबाउंड आणि ८ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) केले, लेकर्सनी विजेतेपद मिळवले आणि फायनलचा एमव्हीपी तोच ठरला.

अण्णाकाका: त्या दोन सामन्यांच्या मध्ये किती मोकळे दिवस होते, तेही लिही. २७ मे आणि ३० मे. पुन्हा २०१४ कडे येतो.

मामा: अण्णा, कृपा करून येऊ नका.

धाकटा (पुणे): आत्या, करीमजवळ मॅजिक जॉन्सन आणि जेम्स वर्दी होते, म्हणून एका वाईट रात्रीनंतर त्याला सावरायला वेळ मिळाला. उद्या सकाळी सहाला डेन्व्हर आणि ओक्लाहोमा सिटीचा सहावा सामना आहे, त्यात वेस्टब्रुककडे लक्ष ठेवा. वय ३६, ओक्लाहोमात ११ हंगाम काढलेले, २०१७ चा एमव्हीपी, आणि आता तो डेन्व्हरसाठी बाकावरून उठून येतो. त्या भूमिकेत तो जीव तोडून खेळतो, याचे मला मनापासून कौतुक वाटते. डेन्व्हरचा मुख्य खेळाडू योकिच संघात आहे म्हणून त्याला असे खेळता येते. करी आणि लेब्रॉन यांनाही अशीच उसंत मिळावी, एवढेच मी काल म्हणत होतो, आणि शब्द कठोर लागले असतील तर दादाने राग सोडावा.

दादा (फ्रीमाँट): सोडला. पण करी बाकावरून यावा, हे मी ऐकून घेणार नाही. त्याच्या जोडीला बटलर आणला तोही ३५ वर्षांचा. वॉरियर्सनी या उन्हाळ्यात पंचविशीतला असा एक खेळाडू आणावा, जो करी बसला असताना आठ मिनिटे गुण काढू शकेल.

आत्या: आणि लेकर्सनी सेंटर आणावा. पाचव्या सामन्यात मिनेसोटाच्या गोबेरने २७ गुण आणि २४ रिबाउंड काढले, कारण त्याच्यासमोर उभा राहील असा उंच माणूसच नव्हता.

मामा: लेकर्सनी अँथनी डेव्हिसला डॅलसला पाठवले त्या दिवसापासून मी येथे सेंटर, सेंटर असे लिहीत आहे. तेव्हा एकानेही उत्तर दिले नव्हते.