मदत हवी आहे: जांभळी मंजिरी की भातखाचरातली तिची बहीण?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात, चोर्ल्याच्या बाजूच्या एका सड्यावर (जांभ्याच्या कातळी पठारावर) तुळशीच्या कुळातली एक वनस्पती फुलली आहे. नेमकी जागा मुद्दाम सांगत नाही, गाड्या चढवणारे कमी नाहीत.

जांभ्यावर पावसाचं पाणी साचतं त्या उथळ डबक्यात ती दाट उगवते. उंची वीतभरही नाही. खोडाभोवती बारीक पानांची वर्तुळं, टोकाला जांभळा तुरा, पुंकेसरांवर जांभळे केस. पान चुरडलं तर तुळशीसारखा वास येत नाही.

मला ही कासच्या पठारावर फुलते ती जांभळी मंजिरी (पोगोस्टेमॉन डेक्कनेन्सिस) वाटते. ती पश्चिम घाटाबाहेर मिळत नाही. पण तिच्याच प्रजातीतली (जीनसमधली) दुसरी जात, पोगोस्टेमॉन स्टेलॅटस, आमच्याकडे भातखाचरात असते, तिचीही पानं वर्तुळातच. ती उंच वाढते हे माहीत आहे. पण कातळावर माती बोटभर, तिथे कुठलंही झाड खुजंच राहणार, म्हणून उंचीवर भरवसा नाही.

मोबाईलच्या अ‍ॅपने दर फोटोला वेगळं नाव दिलं. जुन्याजाणत्यांना विचारलं, ते म्हणाले, 'गवत आहे, गुरं खात नाहीत.' एवढंच.

रोप उपटायचं नाही, परवानगीही नाही. फोटो हवे तितके काढीन, भिंग आहे. तर फुलाचा किंवा पानाचा नेमका कुठला भाग जवळून टिपला म्हणजे या दोघींतला फरक ठरेल? आणि नुसत्या फोटोंवरून खात्री करून देणारं बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्यात कोण आहे?