हाताने शिवलेले चामडी कव्हर: वहीची गरज की लिहिणाऱ्याची हौस?

शाईदौत:
गेली अकरा वर्षे माझी प्रत्येक ए५ वही एकाच चामडी कव्हरात राहते. कोल्हापुरात चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडून ते मापे देऊन करून घेतले होते. तेव्हा त्याचा रंग बिस्किटासारखा होता. आता कण्याजवळ तो मधासारखा आणि जिथे अंगठा टेकतो तिथे जवळजवळ काळा झाला आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे हाताचे तेल शोषत आणि उजेड खात मुरत जाते, तर माझ्या आधीच्या रेक्झिनच्या कव्हराचे तिसऱ्या पावसाळ्यातच पापुद्रे निघाले होते. त्यामुळे या वस्तूची ओढ ही निव्वळ हौस आहे, हे मला मान्य नाही.

टाकबोरू:
'मुरणे' लोणच्याला शोभते. लिहिले जाते ते कागदावर, आणि आजोबांच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या चामड्यावाचूनच आजही शाबूत आहेत. रत्नागिरीला या, जुलैत तुमच्या कव्हरावर पांढरी बुरशी दाखवतो! शिवाय 'हस्तनिर्मित' म्हणून साडेतीन हजारांना मी जे घेतले, ते उघडपणे मशीनवर शिवलेले निघाले.

शाईदौत:
बुरशी येते, हे कबूल. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडले तर अधिकच. पण तुमची फसवणूक हा हातशिलाईचा दोष कसा? हातशिलाईत मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक छिद्रातून दोरा दोन्ही बाजूंनी जातो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून एक टाका तुटला की शेजारचेही सैल होत जातात.

रापी:
हा धंदा आमच्या घरचा, म्हणून दोघांनाही सांगतो. शिलाईचे कौतुक सगळे करतात, पण खरा वेळ जातो तो दुमडायची कड रापीने तासण्यात. ती जाड राहिली तर वही नीट मिटत नाही आणि हात जरा जड पडला तर चामडे फाटते. कातडी कमावण्याच्या ज्या वासापायी गावाने आमच्या लोकांना वेशीबाहेर ठेवले, त्याच वासाला आता गिऱ्हाईक 'अस्सल' म्हणून पैसे मोजते, याची मला गंमत वाटते. ती पूर्ण गंमत नाही, हेही समजून घ्यावे. आणखी एक. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते कोल्हापुरी चपलेला, त्यामुळे वहीच्या कव्हरावर तो शिक्का मिरवणाऱ्या दुकानदाराला त्याचा आधार नाही. साडेतीन हजारांतले शिवणाऱ्याच्या हाती किती पडले, हे तुम्ही विचारले होते का?

टाकबोरू:
नाही विचारले. कागदाबद्दलचे माझे मत कायम आहे. पण आजोबांच्या चोपडीचे माप ए५ पेक्षा लांबट आणि अरुंद आहे. तशा मापाचे कव्हर तुमच्याकडे होईल का, आणि मजुरी किती?