तिन्ही डिफमधील तेल घट्ट केल्यावर ट्रगी वळेनाशी झाली आहे. आधी कोणता डिफ बदलावा?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे १/८ मापाची, चारही चाके ओढणारी इलेक्ट्रिक ट्रगी (रिमोटवर चालणारी, मोठ्या टायरची शर्यतीची गाडी) आहे आणि गेले दोन हंगाम मी ती मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत चालवत आहे. तिच्यात तीन डिफ (डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटी) आहेत: पुढचा आणि मागचा डाव्या-उजव्या चाकांमध्ये, तर मधला पुढच्या व मागच्या चाकांमध्ये. सुरुवातीला पुढच्या डिफमध्ये ७०००, मधल्यात ७००० आणि मागच्यात ३००० सेंटिस्टोकचे (हे तेलाच्या घट्टपणाचे माप) सिलिकॉन ऑइल होते. वळणातून बाहेर पडताना मोटरचा जोर वाया जातो असे वाटल्यामुळे मी तिन्ही डिफ एकाच दिवशी उघडले आणि तिन्हींत १०००० चे तेल भरले. सरळ पट्ट्यावर गाडी आता खरोखरच अधिक जोमाने सुटते. परंतु अरुंद वळणात शिरताना ती नाक वळवत नाही, रुंद वर्तुळ घेत बाहेरच्या कडेकडे जाते. आणि वळणाच्या मध्यावर थ्रॉटल दिला की मागचा भाग एकदम सुटतो व गाडी गर्रकन फिरते. टायर, स्प्रिंग आणि शॉक ऑइल यांना मी हात लावलेला नाही.

घट्ट तेल म्हणजे अधिक पकड, अशी माझी समजूत होती. ती नेमकी कोठे चुकते, आणि पुन्हा तिन्ही डिफ न उघडता एकापासूनच सुरुवात करायची तर कोणत्यापासून करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

मागच्या डिफपासून सुरुवात करा आणि बाकीचे दोन तूर्त आहेत तसेच राहू द्या.

तुम्ही तिन्ही डिफमध्ये सारखेच तेल भरले असले तरी तिन्हींत बदल मात्र सारखा झालेला नाही. पुढे आणि मध्ये तुम्ही ७००० वरून १०००० वर गेलात, म्हणजे दीडपटीपेक्षाही कमी. मागे मात्र ३००० वरून १०००० वर, म्हणजे तिपटीहून अधिक. डिफच्या तेलात आकड्यांमधील फरकापेक्षा त्यांचे गुणोत्तर महत्त्वाचे असते. १००० वरून २००० वर गेल्यास गाडीचा स्वभाव बदललेला स्पष्ट जाणवतो, पण ९००० वरून १०००० वर गेलेले बहुतेक चालकांच्या लक्षातही येत नाही.

आता तुमच्या समजुतीविषयी. पकड टायर आणि माती यांच्यात असते आणि ती तेलाने वाढत नाही. वळणात आतले चाक कमी अंतर कापते आणि बाहेरचे जास्त, म्हणून त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरावे लागते. डिफच्या पेटीतील लहान स्पायडर गिअर त्यांना ती मोकळीक देतात आणि दातांमधून पिळवटून जाणारे तेल त्या मोकळिकीला आवर घालते. दोन चाकांच्या गतीत जितका फरक जास्त, तितका हा आवरही जास्त. मागे १०००० चे तेल असताना दोन्ही मागची चाके जवळजवळ एका दांड्याला जोडल्यासारखी फिरतात. त्यामुळे वळणात शिरताना ती गाडीला सरळ ढकलत राहतात, आणि तुम्ही थ्रॉटल दिला की त्यांची पकड एकाच क्षणी सुटते. तेल पातळ असते तेव्हा आतले चाक आधी फिरून जाते, थोडा जोर वाया जातो, परंतु बाहेरचे चाक माती धरून राहते आणि गाडी मागून सावरते. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारी, म्हणजे शिरताना न वळणे आणि बाहेर पडताना फिरणे, या एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत.

पुढच्या डिफचे वागणे थोडे निराळे आहे. तेथे तेल घट्ट केले की थ्रॉटल सोडून वळणात शिरताना गाडी शांत राहते पण कमी वळते. थ्रॉटलवर मात्र पुढची दोन्ही चाके मिळून गाडीला वळणातून ओढून बाहेर काढतात. पातळ केले की शिरताना नाक चटकन वळते, पण बाहेर पडताना आतले पुढचे चाक नुसतेच फिरत राहते. ट्रगीचे टायर बग्गीच्या टायरपेक्षा मोठे आणि जड असल्यामुळे तिच्यात बग्गीपेक्षा एखादी पायरी घट्ट तेल घालण्याचा प्रघात आहे. म्हणून पुढच्या १०००० मध्ये मला काही वावगे दिसत नाही.

मागे ३००० किंवा फार तर ४००० भरा, त्याच ट्रॅकवर त्याच टायरवर चालवा, आणि मगच पुढचा विचार करा.

उत्तर २

वरील विवेचन मला मान्य आहे. मात्र डिफ उघडणारच आहात तर आकड्याइतकेच भरण्याकडेही लक्ष द्या, कारण दोन चालक एकच तेल वापरूनही केवळ भरण्यातील फरकामुळे दोन वेगळ्या गाड्या चालवत असतात.

जुने तेल पूर्ण पुसून काढा. गिअरच्या दातांत राहिलेले १०००० चे तेल नव्या ३००० मध्ये मिसळले तर तुमच्या हाती येणारे मिश्रण ना हे असेल ना ते. काढलेले तेल पांढऱ्या कापडावर पाहा. ते करडे झाले असेल तर त्यात धातूचा बारीक चुरा आहे, आणि मग स्पायडर गिअर व त्यांच्या आडव्या पिना तपासल्याशिवाय पेटी बंद करू नका. आउटड्राइव्हच्या (डिफच्या दोन्ही बाजूंना बाहेर येणाऱ्या, चाकांना जोडणाऱ्या तोंडांच्या) ओ-रिंगला, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीला, त्याच तेलाचे बोट लावून घ्या आणि कागदी गॅस्केट फाटलेले किंवा चुरगळलेले असल्यास नवे बसवा.

त्यानंतर तेल आडव्या पिना जेमतेम झाकल्या जाईपर्यंत ओता आणि थांबा. गिअर हाताने हळू फिरवा म्हणजे खाली अडकलेली हवा वर येईल. ३००० च्या तेलातले बुडबुडे थोड्या वेळात निघून जातात. १०००० च्या तेलात तीच हवा बराच काळ रेंगाळते, आणि घाईने झाकण लावले तर ती आतच राहते. बुडबुडे गेल्यावर पातळी खाली बसलेली दिसेल, तेव्हा पुन्हा पिनांपर्यंत भरा. काठोकाठ भरण्याचा मोह टाळा: तेल तापले की फुगते, त्याला जागा मिळाली नाही तर ते ओ-रिंगमधून वाट काढते, आणि शर्यतीच्या मध्यावर डिफ अर्धा रिकामा होतो. मी रिकामी पेटी आणि भरलेली पेटी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलतो व तो आकडा वहीत लिहितो. त्यामुळे पुढच्या वेळी भरताना अंदाजावर राहावे लागत नाही.

झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. शेवटी दोन्ही आउटड्राइव्ह बोटांत धरून उलट दिशांना फिरवा. ते सावकाश, पण सगळीकडे सारख्याच जोराने फिरले पाहिजेत. मध्येच खरखर लागली तर पुन्हा उघडा. आणि क्राउन गिअर व पिनियन (मोटरचा जोर डिफच्या पेटीपर्यंत आणणारे गिअर) यांना पेटीच्या बाहेरून ग्रीस लागते, ते या तेलावर चालत नाहीत, हे विसरू नका.

उत्तर ३

मागच्या डिफविषयी सर्वांशी सहमत असूनही मी मधल्या डिफला इतक्या लवकर निर्दोष ठरवणार नाही. प्रश्नकर्त्याने मूळ तक्रार सांगितली आहे ती जोर वाया जाण्याची, आणि ती बहुधा मधल्या डिफची आहे. वेग घेताना गाडीचे वजन मागे जाते, पुढची चाके हलकी होतात, आणि मधले तेल पातळ असेल तर मोटरचा जोर त्या हलक्या चाकांकडे पळतो. ट्रगीचे मोठे टायर तेव्हा फुगताना डोळ्यांनी दिसतात. सपाट आणि चांगली पकड असलेल्या ट्रॅकवर म्हणूनच मधला डिफ घट्ट ठेवतात. परंतु ट्रॅक खडबडीत किंवा निसरडा असेल तर घट्ट मधल्या डिफमुळे मागच्या चाकांवर जोर धक्क्यासारखा येतो, आणि तेथे मी ७००० वर परत जाईन.

ब्रेकवरही याचा परिणाम होतो. इलेक्ट्रिक ट्रगीत ब्रेक मोटरमधूनच लागतो आणि मधल्या डिफमधून दोन्हीकडे जातो. नायट्रो (इंधनाच्या इंजिनावर चालणाऱ्या) ट्रगीप्रमाणे पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या चकत्या वेगवेगळ्या जुळवण्याची सोय त्यात नसते. मधले तेल घट्ट असले की ब्रेक मारताना हलकी झालेली मागची चाके पुढच्यांच्या गतीने फिरत राहतात आणि गाडी सरळ थांबते. पातळ असले की मागची चाके आधी अडकू शकतात. त्यामुळे मागचा डिफ दुरुस्त केल्यावर ब्रेक मारून वळणात शिरताना काय होते, ते मुद्दाम पाहा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागचा डिफ उघडला तेव्हा मी तो काठोकाठ भरलेला होता आणि एका आउटड्राइव्हभोवती तेलाचा ओलसर वलय आलेला होता. दोन्ही ओ-रिंग बदलल्या, पिनांपर्यंत ४००० भरले, पेटी तोलून आकडा लिहून ठेवला आणि बाकी काहीही न बदलता चालवले. पहिल्याच फेरीपासून गाडी अरुंद वळणात आतली रेषा धरू लागली. मध्यावर थ्रॉटल दिल्यावर मागचा भाग अजून किंचित सरकतो, पण आता तो सांगून सरकतो आणि स्टिअरिंगने सावरता येतो. सरळ पट्ट्यावरचा जोम कमी झालेला नाही, त्यामुळे तो मधल्या डिफमुळेच आला होता हे उत्तर ३ मधील म्हणणे मला पटले. मात्र उड्यांनंतरच्या खडबडीत भागात गाडी अजूनही धक्के देत उसळते. तेथे मधला डिफ ७००० वर आणावा की ८००० वर?

उत्तर ३

७००० वर आणा. १०००० वरून ८००० हा फरक इतका लहान आहे की तो तेलामुळे जाणवला की दिवसभरात ट्रॅक कोरडा पडल्यामुळे, हे तुम्हाला सांगता येणार नाही. आणि दोन्ही वेळा गाडी साधारण तितकीच तापल्यावर तुलना करा. सिलिकॉन ऑइल उष्णतेने इतर तेलांपेक्षा कमी पातळ होते, पण होते, आणि गार डिफवर घेतलेल्या पहिल्या दोन फेऱ्या नेहमी प्रत्यक्षापेक्षा घट्ट वाटतात.