विद्यापीठांना निधीच्या आधी खराब माल द्या: एनडीटीचं संशोधन कारखान्यात का पोचत नाही?

ठिणगी

माझं म्हणणं आधी सांगते, मग भांडू. एनडीटीत आपली विद्यापीठं आणि आपले कारखाने एकमेकांच्या फारसे कामी येत नाहीत, आणि दोन्हीकडचे लोक त्याचं खापर निधीवर फोडतात. मला वाटतं खरं कारण वेगळं आहे. कारखाने आपला खराब माल विद्यापीठाला दाखवतच नाहीत.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी: वस्तू न कापता, न मोडता तिच्या आतला किंवा पृष्ठभागावरचा दोष शोधणं म्हणजे एनडीटी (नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग). डाय पेनेट्रंट (भेगेत शिरणारा रंग), मॅग्नाफ्लक्स (चुंबक आणि लोहचूर्ण), अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरी आणि त्यांचा इको), रेडिओग्राफी (एक्स-रेसारखी), एडी करंट (धातूत फिरवलेला विजेचा प्रवाह) हे सगळे त्याचे प्रकार. मी फोर्जिंगच्या (तापवून, ठोकून घडवलेल्या भागांच्या) क्वालिटीत बरीच वर्षं काढली आहेत.

आता उदाहरण. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क (पंख्याची पाती धरणारी चकती) हवेत फुटली. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांनी नुसत्या उरलेल्या दोन इंजिनांच्या जोरावर विमान आयोवा राज्यातल्या सू सिटीपर्यंत आणलं. २९६ पैकी ११२ माणसं गेली. डिस्कचे तुकडे जवळजवळ तीन महिन्यांनी मक्याच्या शेतात सापडले. भेगेचं मूळ होतं टायटॅनियम वितळवताना आत राहून गेलेला नायट्रोजनयुक्त, ठिसूळ कण. त्याला हार्ड अल्फा म्हणतात. डिस्क सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, म्हणजे तो दोष जवळजवळ अठरा वर्षं विमानातून फिरत होता.

हा कण अल्ट्रासॉनिकला पकडणं अवघड, कारण त्याच्यात आणि भोवतीच्या धातूत ध्वनीच्या दृष्टीने फरक फार थोडा. परत येणारा इको इतका क्षीण की धातूच्या ग्रेनच्या (बारीक स्फटिकांच्या) गोंगाटात तो बुडून जातो.

त्याच आयोवा राज्यात एम्स गावच्या विद्यापीठात १९८५ पासून एनडीटीचं संशोधन केंद्र होतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने १९९३ मध्ये पैसे घातले आणि हे विद्यापीठ, जीई, प्रॅट अँड व्हिटनी आणि अलाइडसिग्नल असा एक गट उभा राहिला. इंजिनांच्या बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्या एका टेबलाशी बसल्या. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही: टायटॅनियमचा एक आख्खा हीट (एका वेळी वितळवलेला माल) हार्ड अल्फाने दूषित निघाला होता. तो भंगारात न घालता या अभ्यासाला दिला गेला. त्याचे बिलेट (लांब ठोकळे) स्कॅन केले, जिथे इको आला तिथले काही तुकडे कापून दोषाचा खरा आकार बघितला. त्यातून कळलं की निसर्गतः तयार झालेला दोष प्रयोगशाळेत बनवलेल्या दोषासारखा वागत नाही.

आपल्याकडे काय होतं? रिजेक्ट झालेलं कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग) त्याच दिवशी भट्टीत परत जातं. पुरावाच वितळला. आणि तिकडे पीएचडीचा विद्यार्थी एमएसच्या (साध्या पोलादाच्या) प्लेटला मागून सपाट बुडाचं भोक पाडतो आणि त्यालाच दोष म्हणून शोधत बसतो. त्याला दुसरं मिळणार कुठून?

---

शिरोली_नाका

ताई, तुमचं विमान बरोबर आहे, पण मी ब्रॅकेट आणि हाउसिंग ओततो. माझी फाउंड्री आहे कोल्हापुरात, शिरोलीला.

पहिली गोष्ट, रिजेक्शन हा माझा कच्चा माल आहे. रनर, रायझर (ओतताना पीसला जोडून राहिलेला जादा धातू), रिजेक्ट पीस, सगळं परत चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालात जातं, त्यावरच माझ्या टनामागच्या खर्चाचं गणित बसतं. ते शेल्फवर मांडून ठेवायला मी म्युझियम काढलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ग्राहकाला कळलं की माझ्या पार्टमधला श्रिंकेज (धातू थिजताना आत राहिलेली पोकळी) कुठल्या कॉलेजच्या लॅबमध्ये पडलाय आणि त्यावर पेपर निघतोय, तर उद्या ऑडिटला माणूस हजर. बिलातून पैसे कापणारी डेबिट नोट वेगळीच. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, माझ्याकडे एक क्वालिटी इंजिनिअर आहे आणि तोच डिस्पॅचही बघतो.

तिसरी, मी हे करून बघितलंय. एका कॉलेजला (नाव घेत नाही) पोत्यात भरून पीस दिले होते. विषय साधा होता: एसजी आयर्नमध्ये (ज्या ओतीव लोखंडात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं) नोड्युलॅरिटी, म्हणजे ग्रॅफाइटचा गोलपणा, कमी पडली तर ते लाइनवरच कळावं. यात नवीन काही नाही, आवाजाच्या वेगावरून ते कळतं. ग्रॅफाइट नीट गोल झालं असेल तर वेग सेकंदाला साधारण ५५०० मीटरच्या वर, फ्लेक (पापुद्र्यासारखं) राहिलं तर ५००० च्या खाली. मला हवं होतं ते एवढंच की कास्टिंगची कच्ची पृष्ठं, वेगवेगळी जाडी, वाळू चिकटलेली, अशा अवस्थेत अर्ध्या मिनिटात उत्तर यावं. दोन वर्षांनी मला मिळाला एक छापील लेख. घासून गुळगुळीत केलेल्या नमुन्यांवरचा. पीस परत आले नाहीत.

आमच्याकडे फेटलिंगला (ओतलेले पीस साफ करायच्या कामाला) एक मामा आहेत. प्रत्येक पीस साखळीला टांगून हातोडीने टिचकी मारतात आणि नादावरून बाजूला काढतात. भद्द वाजला की बाजूला. त्यांनी बाजूला काढलेले पीस कापले की बहुतेक वेळा आत काहीतरी निघतंच. मामा पुढच्या वर्षी रिटायर होतात. विद्यापीठाने त्यांचा कान मशीनमध्ये घालून द्यावा, मी रोख पैसे देतो. नाद ऐकून दोष ओळखणारी मशीनं बाहेर मिळतात, पण महिन्याला पॅटर्न (साच्याचा आकार) बदलणाऱ्या माझ्यासारख्याला ती बसत नाहीत. यावर काम करा ना कुणीतरी.

---

लेव्हल_टू

आखातातून लिहितोय. यूटी (अल्ट्रासॉनिक) आणि एमटी (मॅग्नाफ्लक्स) लेव्हल टू, म्हणजे दुसऱ्या पातळीचा प्रमाणित तपासनीस, रिफायनरीच्या शटडाउनची कामं.

दोघांनीही माणूस सोडून सगळ्याची चर्चा केली, म्हणून लिहावं लागतंय. सू सिटीच्या डिस्कची गोष्ट अर्धी सांगितलीत. अपघाताच्या आधीच्या शेवटच्या तपासणीत त्या डिस्कला पृष्ठभागावर सुमारे अर्धा इंचाची भेग आधीच होती, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. फ्लुरोसंट पेनेट्रंटने (यूव्ही दिव्याखाली चमकणाऱ्या रंगाने) ती दिसायला हवी होती. दिसली नाही. चौकशी मंडळाने संभाव्य कारणात स्पष्ट लिहिलं की तपासणीतल्या माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता. त्यानंतर १९९६ मध्ये पेन्साकोलाला डेल्टाच्या विमानाचा फॅन हब (इंजिनाच्या पंख्याचा मधला भाग) फुटला, दोन प्रवासी गेले, आणि तिथेही पेनेट्रंट तपासणीत भेग निसटली होती. म्हणजे हार्ड अल्फावर संशोधन चालू असताना दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच झालं.

काळ्या खोलीत यूव्ही दिव्याखाली बारा तासांच्या शिफ्टमध्ये एकामागून एक पार्ट बघणारा माणूस शंभराव्या पार्टला काय बघतो, यावर आपल्याकडचं कुठलं विद्यापीठ अभ्यास करतं? त्याला खराब नमुना लागत नाही, भट्टीतून काही वाचवावं लागत नाही. मानसशास्त्र विभागाने दोन शिफ्ट येऊन बसावं.

विद्यापीठाचा उपयोग होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून गाइडेड वेव्हचं तंत्र निघालं, १९९९ मध्ये तिथल्याच लोकांनी कंपनी काढली. ते आज रोज वापरतो. पाइपला एका जागी ट्रान्सड्यूसरची (लहरी सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या उपकरणांची) रिंग बांधायची, इन्सुलेशन तेवढंच काढायचं, आणि दोन्ही बाजूंना कित्येक मीटर पाइपची चाळणी होते. आधी सगळं इन्सुलेशन उतरवावं लागायचं, परांच्या बांधाव्या लागायच्या. पण रिंग तुम्हाला उरलेली जाडी सांगत नाही. ती सांगते, अमुक अंतरावर काहीतरी आहे. मग तिथे माझ्यासारखाच कुणीतरी चढतो आणि प्रोब (यूटीचा हातात धरायचा सेन्सर) लावतो.

---

नमुना_क्र_७

मी संशोधन करते, पुण्यात. सपाट बुडाच्या भोकावर एवढा राग का आहे ते मला समजत नाही. त्या भोकाचा व्यास आणि खोली मला नक्की माहीत असते. खऱ्या दोषाचा आकार कळायला तो कापावा लागतो, आणि कापला की संपला. एखादी पद्धत किती मोठा दोष किती वेळा पकडते हे आकड्यात मांडायचं असेल तर माहीत असलेल्या आकाराचे कितीतरी दोष लागतात. ते कुठल्याच भंगारात एका मापात मिळत नाहीत. आयोवाच्या गटानेही नायट्रोजन मिसळून कृत्रिम हार्ड अल्फा बनवले आणि टायटॅनियममध्ये बसवून तपासले होते. ठिणगीताई, तो भाग तुम्ही एका ओळीत उडवून लावलात.

आणि भंगार म्हणजे आपोआप माहिती नव्हे. आमच्याकडे येतो तो तुकडा असा असतो: हीट नंबर ग्राइंडिंगमध्ये गेलेला, कुठल्या शिफ्टचा ते माहीत नाही, कुठल्या प्रोबने आणि किती गेनवर (मशीनने इको किती मोठा करून दाखवला) रिजेक्ट केला त्याची नोंद नाही. अशा तुकड्यावरून मी काय शिकणार?

शिरोली_नाका दादा, पीस परत आले नाहीत हे वाईटच झालं. पण विद्यार्थ्याची अडचणही ऐका. त्याला पदवीसाठी लेख छापावा लागतो. घासलेल्या नमुन्यावर निकाल स्वच्छ येतो, कच्च्या पृष्ठावर पसरतो, आणि पसरलेला निकाल छापायला फार वेळ जातो. ब्रिटनमध्ये २००३ पासून बऱ्याच विद्यापीठांचं मिळून एक एनडीटी केंद्र चालतं. तेलकंपन्या, इंजिन बनवणारे, वीजकंपन्या तिथे वर्गणी भरतात आणि विषय एकत्र बसून ठरवतात. विषय असा निवडतात की त्यात कुणाचं गुपित उघडं पडणार नाही आणि उत्तर सगळ्यांना लागेल. आयआयटी मद्रासच्या एनडीटी केंद्रातून तर कंपन्याही निघाल्या. आपल्याकडे हे होतच नाही असं चित्र रंगवू नका. होतं ते मोठ्यांसाठी होतं, हे मी मान्य करेन.

---

रुळावरचा

थोडक्यात लिहितो. रेल्वेत रुळांची अल्ट्रासॉनिक तपासणी रोज चालते, हाताने ढकलायच्या ट्रॉलीवर प्रोब बसवून. मशीन जुळवायला कृत्रिम छिद्रं पाडलेला प्रमाण तुकडा असतो, आणि रूळ तुटला तर तुटलेला भाग मेटलर्जीच्या लॅबला पाठवायची पद्धतही आहे. म्हणजे दोन्ही लागतात, आणि नियम केला की दोन्ही होतात. स्वेच्छेवर सोडलंत तर भट्टी जिंकेल.

---

ठिणगी

नमुना_क्र_७, कृत्रिम दोष नकोत असं मी म्हटलेलं नाही. ते कशाशी ताडून बघायचे, हा माझा प्रश्न आहे. आयोवाच्या लोकांकडे ताडायला खरा दूषित माल होता. तुमच्याकडे काय आहे?

लेव्हल_टू, माणसाबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं तरी मी त्याला वेगळा विषय मानत नाही. शंभरावा पार्ट बघताना माणूस काय चुकतो हे मोजायचं तर त्या शंभरात खरी भेग असलेले पार्ट मिसळावे लागतील. ते पुन्हा भट्टीच्या वाटेवरच आहेत.

शिरोली_नाका, तुमची भीती खरी आहे. म्हणून सुचवते: ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर काही नको. मिश्रधातू, जाडी, ओतण्याचं तापमान, कोणी कशावरून रिजेक्ट केला, एवढंच पेंटने लिहून पीस द्या. ठेवायची जागा कॉलेजात नको, तुमच्याच फाउंड्रीवाल्यांच्या संघटनेत असू दे. कुलूप तुमचं.

---

शिरोली_नाका

ताई, नाव पुसून काय होणार? आकार बघितला की पार्ट कुणाचा, कुठल्या गाडीचा, आणि शिरोलीत तो कोण ओततं हे चहाच्या टपरीवरचा पोरगाही सांगेल. कुलूप माझं असलं तरी संघटनेत माझे स्पर्धकच बसतात.

---

नमुना_क्र_७

आख्खा पीस नको मग. दोषाच्या भोवतीचा मुठीएवढा ठोकळा कापून द्या. मला आकाराशी घेणं नाही. फक्त कापण्याआधी आख्ख्या पीसवर घेतलेलं रीडिंग हवं, नाहीतर कडा जवळ आल्याने सगळे इको बदलतात.

---

लेव्हल_टू

आणि ते रीडिंग एकाच माणसाने घेऊ नका. तिघांनी घ्या, एकमेकांना न सांगता, वेगवेगळ्या शिफ्टला. मग कापा. मामांनाही त्यात धरा, त्यांनी टिचकी मारून काय म्हटलं ते लिहून ठेवा.

---

शिरोली_नाका

मामांचं जमेल, ते अजून वर्षभर आहेत. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतो, भद्द वाजलेले आणि चांगले दोन्ही, प्रत्येकाचा हीट नंबर बोलून. ठोकळे कापायला बँडसॉ माझा, ब्लेड विद्यापीठाचं. कच्च्या पृष्ठावरचा निकाल कितीही पसरलेला असला तरी आधी मला दाखवायचा, लेख मग. आणि उरलेलं लोखंड मला परत हवं, वजन करून.

---

नमुना_क्र_७

लोखंड परत मिळेल. निकाल आधी तुम्हाला दाखवेन. मुदतीचं वचन मात्र आत्ता देत नाही. वेगवेगळ्या जाडीच्या कास्टिंगचा नाद वेगळा असतो, तो जाडीचा परिणाम दोषाच्या परिणामातून वेगळा काढणं हेच मोठं काम आहे. चांगले वाजणारे पीस जास्त द्या, खराबपेक्षा निदान पाचपट. तेही कापावे लागतील.

---

शिरोली_नाका

चांगले पीस कापायचे? ते डिस्पॅचचे आहेत. त्याचे पैसे कोण देणार, आधी ते सांगा.