बुधवारचा आजी-आजोबा आणि चिल्लीपिल्ली गट: हात असलेल्या खुर्च्या हव्यात, तातडीने

प्रेषक: बेबीताई

मंडळी, नमस्कार.

येत्या बुधवारपर्यंत हात असलेल्या आठ खुर्च्या लागणार आहेत. हॉलमधल्या एकावर एक रचायच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आता नकोत. गेल्या खेपेला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. माई उठायला गेल्या, धरायला काही नाही, खुर्ची मागे सरकली आणि पाठीमागे बापूंची नात उभी. कुणाला लागलं नाही, एवढंच.

नाट्य विभागाच्या दिवाणखान्याच्या सेटमधल्या आठ खुर्च्या गॅरेजमध्ये पडून आहेत असं कळलं. त्या मिळाल्या तर प्रश्नच मिटला. आणि गणपतीच्या सतरंज्या ज्यांच्या घरी राहिल्यात त्यांनी कृपया आणाव्यात, मुलांना लाकडी फरशी गार लागते.

बेबी

---

प्रेषक: बापू (नाट्य विभाग)

बेबीताई, खुर्च्या "पडून" नाहीत, ठेवलेल्या आहेत. फरक आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिल्या होत्या, तेव्हा एकीच्या गादीवर तिळगुळाचा डाग पडून आली, तो अजून गेलेला नाही. आता दोन वर्षांची पोरं आणि हातात केळं. ऑक्टोबरमध्ये आमचा प्रयोग आहे.

मुळात खुर्च्या हव्यात कशाला? चिऊ-काऊची गोष्ट खाली बसूनच सांगायची असते. आपली सगळी माणसं आयुष्यभर मांडी घालून जेवली. सतरंज्या अंथरा, सगळे खाली बसा. माझ्याकडे दोन आहेत, आणतो.

---

प्रेषक: माई

बापू, माझे दोन्ही गुडघे बदललेत. मी खाली बसले की उठवायला दोन माणसं लागतात. त्यातले एक तुम्ही असाल तर बसते.

---

प्रेषक: डॉक्टर

माईंच्या बाजूने एक मुद्दा. खुर्चीतून उठताना सगळा भार मांड्यांच्या स्नायूंवर येतो आणि वयाबरोबर तेच आधी दगा देतात. हाताला रेटा द्यायला मिळाला की गुडघ्यांवरचा भार बराच हलका होतो. म्हणून हात हवेतच. पण बसायची उंचीही बघा. दिवाणखान्याच्या सेटमधल्या खुर्च्या दिसायला छान, पण खोल आणि बसक्या असतील तर आजीबाई त्यात रुतून बसतील. जमिनीपासून बैठक साधारण ४५ सेंटिमीटरवर असली पाहिजे. बापू, कृपया टेप घेऊन मोजा.

खाली बसूच नये असं मात्र नाही. २०१७ साली ब्रिटनच्या चॅनेल ४ या टीव्ही वाहिनीवर ब्रिस्टल शहरातला प्रयोग दाखवला होता, चार वर्षांची मुलं आणि वृद्धाश्रमातली मंडळी सहा आठवडे एकत्र. त्यात एक आजोबा पोरांबरोबर जमिनीवर आडवे होऊन सिंहासारखे गुरगुरले होते. पण तिथे आजूबाजूला तज्ज्ञांची फौज होती. आपल्याकडे मी एकटा, आणि बुधवारी मला क्लिनिक असतं.

---

प्रेषक: शाळेच्या बाई

गोष्टींचा विषय निघालाच आहे म्हणून. चिऊ-काऊ आणि भोपळ्यातली म्हातारी आमच्या शनिवारच्या बालवर्गात पहिल्या सत्रात येतात. बुधवारी त्याच झाल्या तर मुलं शनिवारी "आम्हाला माहितेय" म्हणून ओरडतात आणि नव्या शिक्षिकेची पंचाईत होते. आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरं, मागच्या वेळी सागरगोटे आणले होते. तीन वर्षांखालच्या मुलांसमोर ते ठेवायचे नाहीत. तोंडात जातात, घशात अडकतात. शाळेत आम्ही मणी आणि चिंचोकेसुद्धा मोठ्या गटालाच देतो.

---

प्रेषक: माई

सागरगोटे मीच आणले होते. हातात घेऊन खेळून दाखवत होते, खाऊ घालत नव्हते. शिवाय खुर्चीवर बसून सागरगोटे खेळता येत नाहीत हे मला तिथे गेल्यावर कळलं, मांडीवरून घरंगळतात.

---

प्रेषक: खजिनदार

खुर्च्या विकत घ्यायच्या असा कोणी विचार करत असेल तर आताच सांगतो, हॉलवाले सामान ठेवू देत नाहीत. बारा वाजता झुंबावाल्या बायका दारात उभ्या असतात. आठ खुर्च्या दर आठवड्याला कोणाच्या गाडीतून न्यायच्या?

त्यापेक्षा आपणच मुलांना घेऊन एखाद्या वृद्धाश्रमात का जात नाही? जगभर तसंच चालतं. लंडनमध्ये क्लॅपमच्या नाइटिंगेल हाउस या वृद्धाश्रमात २०१७ पासून आवारातच नर्सरी आहे. माझी मेहुणी सिएटलला असते, तिथे प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंटमध्ये १९९१ पासून बालवाडी आणि वृद्धाश्रम एकाच इमारतीत आहेत. टोकियोत एका संस्थेने हे १९७६ मध्येच केलं. तिथे खुर्च्या आधीच असतात, भाडं नाही, हॉल नाही, झुंबा नाही.

---

प्रेषक: अण्णा

खजिनदारसाहेब, तुमचं गणित बरोबर आहे, माणसं चुकली. आमच्यातला एकही जण वृद्धाश्रमात नाही. निम्मे जण सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले, बाकीचे मुलाच्या घरी कायमचे. मुलगा-सून साडेसातला घराबाहेर पडतात, नातू शाळेत. मग संध्याकाळपर्यंत मी, हीटरचा आवाज आणि शेजाऱ्याचं मांजर. बस कुठली घ्यायची हे कळतं, पण उतरून कोणाकडे जायचं हे कळत नाही. बुधवारी हॉलवर मी त्यासाठी येतो. वृद्धाश्रमात जाऊन तिथल्या आजी-आजोबांना गाणं म्हणून दाखवायचं तर मी तिथे पाहुणा होईन. पाहुणा मी घरीही आहेच.

आणि खुर्चीचंच बोलायचं तर मला खुर्चीवर बसवून ठेवू नका. गेल्या वेळी आम्हाला अर्धगोलात बसवलं, मुलांनी गाणं म्हटलं, एकेकाने वाकून नमस्कार केला, आम्ही "सुखी राहा" म्हटलं आणि फोटो निघाले. माझ्या पुढ्यात आलेला मुलगा घाबरून रडला. मीही असतो तर रडलो असतो. ओळख ना पाळख.

मला काहीतरी काम द्या. मटार सोलायला द्या. एक शेंग मी सोलीन, एक तो सोलील. चार दाणे जमिनीवर जातील, तो शोधत बसेल. बोलायचं काय हा प्रश्नच येत नाही.

एक विनंती, चहा मुलं असतानाच मिळावा. बारानंतर चहा म्हणजे जेवणाची वाट.

---

प्रेषक: बेबीताई

अण्णा, नमस्काराचं तुम्ही त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी बंद. फोटोही बंद, कारण दोन आयांनी परवानगी नसल्याचं वेगळं कळवलंय.

मटारची कल्पना उचलते. टेबल लावू, चारी बाजूंना आजी-आजोबा खुर्च्यांवर आणि मधेमधे मुलं उभी. म्हणजे खाली की वर हा वादच राहत नाही.

---

प्रेषक: बापू (नाट्य विभाग)

राहतो. हॉलची घडीची टेबलं ७२ सेंटिमीटर उंच आहेत (मोजली, डॉक्टर). दोन वर्षांच्या पोराची हनुवटी टेबलाला टेकते, त्याला मटार दिसणारच नाही. पोरं कशावर उभी करणार?

खुर्च्यांची बैठक ४३ भरली.

---

प्रेषक: शाळेच्या बाई

पाटावर. माझ्याकडे चार पाट आहेत. पण चौघांनाच पुरतील आणि ते सरकतात, खाली रबर लावावं लागेल.

---

प्रेषक: एक आई (नवीन सदस्य)

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या नर्सरीत कांजिण्या निघाल्यात. माझ्या मुलाला अजून काही नाही. बुधवारी आणू का? आजींना नागीण होईल असं एका काकूंनी सांगितलं.

---

प्रेषक: डॉक्टर

नागीण दुसऱ्याकडून लागत नाही. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या शरीरात तो विषाणू वर्षानुवर्षे झोपलेला असतो, तोच पुढे नागीण म्हणून उठतो. उलटं मात्र होतं. नागीण झालेल्या माणसाच्या फोडांतून लहान मुलाला कांजिण्या लागू शकतात. म्हणून आजी-आजोबांपैकी कोणाला फोड असतील तर त्यांनी घरी राहावं.

खरी काळजी वेगळी आहे. उष्ण देशांत वाढलेल्या अनेकांना लहानपणी कांजिण्या होतच नाहीत. आपल्यातल्या ज्यांना झालेल्या आठवत नाहीत त्यांनी मला खासगीत कळवा, कारण मोठ्या वयात त्या जड जातात. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्याला आजार देऊ शकतं, तेव्हा या बुधवारी मुलाला घरीच ठेवा. पुढच्या वेळी नक्की या.

---

प्रेषक: माई

मला झाल्या होत्या. आईने कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं आणि वाड्यातली सगळी पोरं खिडकीतून बघायला यायची. तुम्ही नवीन आहात ना? तुमचं माहेर कुठलं?

---

प्रेषक: खजिनदार

माई, हे कृपया खासगीत. यादीवर साठ-सत्तर जण आहेत.

मटार कोण आणणार? या दिवसांत इथे शेंगा महाग. गोठवलेले सोलता येत नाहीत.

---

प्रेषक: अण्णा

शेंगा नसतील तर लसूण द्या. पण डोळे चोळतील पोरं. मेथी निवडायला चालेल. पानं ओरबाडायला तीन वर्षांच्या मुलालाही जमतं आणि घशात अडकत नाही, बाईंची हरकत नसावी.

चहाचं कोणीच बोललं नाही.

---

प्रेषक: डॉक्टर

अण्णा, चहा केल्यावर पंधरा मिनिटांनीसुद्धा लहान मूल भाजू शकतं. मुलं टेबलाशी असताना उघडा कप नको. झाकणाचा कप चालेल, किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून प्या.

---

प्रेषक: अण्णा

उभं राहून चहा मी गाडी सुटत असतानाच पितो. झाकणाचा कप चालेल.

---

प्रेषक: बापू (नाट्य विभाग)

खुर्च्या देतो. अटी: (१) केळं नाही. (२) गाद्या मी काढून ठेवीन, त्याऐवजी घडी घातलेल्या चादरी, म्हणजे बैठक दोन सेंटिमीटर वर येईल, डॉक्टरही खूश. (३) परत आणायची जबाबदारी बेबीताईंची, दिवेलागणीच्या आत, कारण गॅरेजमध्ये दिवा नाही. (४) माझी नात पाटावर उभी राहणार नाही, माझ्या मांडीवर बसेल.

---

प्रेषक: माई

मेथी मी आणते, पण निवडून झाल्यावर ती कोण घेऊन जाणार हे आताच ठरवा. हळदीकुंकवाच्या वाणासारखं व्हायला नको.

---

प्रेषक: बेबीताई

बापू, चारही अटी मान्य. मंगळवारी संध्याकाळी गाडी घेऊन येते, चावी घरी ठेवा. बाई, पाटांना रबर लावायला कोणी मिळालं का? आणि झाकणाचे कप कोणाकडे आहेत? गुढीपाडव्याला वीस आणले होते, आता हॉलच्या कपाटात तीनच सापडतायत.

---

प्रेषक: खजिनदार

वीस नव्हते, बारा होते. पावती माझ्याकडे आहे.